काळ्या दगडावरचा बर्फ

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पायशाम्बे. आमच्या भाषेत पायशाम्बे म्हणजे गुरुवार, आणि ते जन्मले गुरुवारी, म्हणून तेच नाव. त्यांच्या वडिलांना दिवसांपलीकडे दुसरं काही सुचायचंच नाही. बापलेक दोघंही दिवस मोजणारे. उंच डोंगरातल्या आमच्या दरोर्ज गावात घरं चाळीस आणि मोजणारं घर एकच. मी त्यांना भावजी म्हणते, आणि मेहुणीच्या हक्कानं आणखी काय काय म्हणते ते विचारू नका. पण माणूस सरळ. इतका सरळ, की आयुष्यात एकदाच लबाडी केली तीही गावाच्या भल्यासाठी, आणि पहाटे उठून, घाम गाळून केली.

आमच्याकडच्या मोजणीत सूर्य माणसाच्या अंगावरून चढतो. थंडीचे चाळीस दिवस सरले की तो पायाच्या नखाशी येतो. मग घोटा, पिंढरी, गुडघा असा चढत चढत ऐन उन्हाळ्यात डोक्यावर जातो. कुठे तीन दिवस मुक्काम, कुठे सात. भावजी सकाळी घराच्या धाब्यावर उभे राहून पुकारायचे, "सूर्य गुडघ्याशी!" की घराघरांतून खताच्या पाट्या बाहेर. मांडीशी नांगर, कंबरेशी पेरणी, काळजाशी आला की पाटाला पाणी, आणि गळ्याशी आला की बायकांनी गुरं घेऊन वरच्या कुरणात जायचं. शाळेत कॅलेंडर आहे, दवाखान्यात आहे, पोरांच्या फोनमध्ये आहे. पण शेत चालायचं ते भावजींच्या आवाजावर.

आता नखाची सुरुवात कोणत्या दिवशी धरायची? तर गावाच्या वर, कड्याच्या सावलीत एक काळा दगड आहे, बसलेल्या बैलाएवढा. थंडी सरल्यावर ज्या सकाळी त्याचा माथा बर्फातून उघडा पडेल, ती पहिली सकाळ. तिथून पुढे सगळं बोटांवर. भावजींच्या आज्यानं असंच धरलं, बापानं असंच धरलं.

दुसरा रिवाज बायकांच्या वाट्याचा. कुरणात जायला हिमनदीचा ओढा ओलांडावा लागतो. पूल तीनदा बांधला, तीनदा वाहून गेला. आता लाकूड द्यायला कोणी तयार नाही. गळ्याचा दिवस पुकारला की बायका गुरांसकट ओढ्यावर जमतात, आणि मोजणाऱ्याची बायको पाण्यात पहिला पाय टाकते. नवऱ्याची मोजणी खरी आहे, ही तिची ग्वाही. मोजणारा स्वतः मात्र ओढ्यावर येत नाही. त्यानं घरी धाब्यावर सूर्याकडे तोंड करून बसायचं, आणि ओढ्यावर काय झालं ते बायकांनी घरी न्यायचं नाही. सासऱ्यामागे सव्वीस वर्षं तो पहिला पाय माझ्या सवसानताईनं टाकला. बाई अशी की फुंकर मारली तर उडेल. पण झगा खोचून पाण्यात शिरायची ती म्हणे अशी, जणू स्वतःच्या अंगणात उतरतेय.

बिघडत गेलं ते हळूहळू. जर्दाळू आधी फुलायला लागले, मधमाश्या जाग्या व्हायच्या आत. माझ्या लहानपणी जो बर्फ शाळेच्या खिडकीतून दिसायचा तो डोंगराच्या वळणाआड गेला. आणि तो काळा दगड दर वर्षी थोडा थोडा लवकर डोकं वर काढू लागला. दोन वर्षांपूर्वी तर चक्क सतरा दिवस आधी. भावजी रिवाजाला धरून. माथा उघडा दिसला, पुकारलं नख. सगळी कामं सतरा दिवस अलीकडे आली, कंबरेच्या दिवशी पेरणी झाली, जव बोटभर वर आला, आणि तीन रात्री असं काही गोठलं की सगळं शेत काळं पडलं. त्या हिवाळ्यात आम्ही खाली बाजारातून आणलेलं पीठ खाल्लं, तेही मोजून.

लोकांनी भावजींना सोडलं नाही. गावात सगळ्यांत म्हातारी खोनबेगीम. तिच्या जिभेला हाड नाही. ती पाटावर भर बायकांत म्हणाली, "याच्या बापाच्या वेळी सूर्य शहाणा होता." भावजी तिथून जात होते. त्यांनी ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेले. मला असा राग आला की म्हातारीच्या हातातली घागर काढून तिच्याच डोक्यावर रिकामी करावी. पण ती बोलली ते सगळेच मनात म्हणत होते.

पुढच्या वर्षी मात्र नवल झालं. दगड शहाण्यासारखा वागला, अगदी जुन्या तारखेला उघडा पडला. जव कंबरेएवढा आला. खोनबेगीमनं स्वतः तुपाची वाटी आणून दिली. भावजींनी ती घेतली, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. मला वाटलं, मुलखाचा विनयी माणूस.

खरं काय ते मला यंदा फेब्रुवारीत कळलं. एक शेळी रात्री परतली नव्हती म्हणून मी उजाडायच्या आत वर गेले. कड्याच्या सावलीत कोणीतरी वाकलेलं दिसलं. जवळ जाऊन बघते तर भावजी. पाठीवर पाटी. घळीतला बर्फ भरून आणायचा, दगडावर ओतायचा आणि दोन्ही हातांनी थापायचा, गोवऱ्या थापाव्यात तसा. बोटं लालभडक झालेली.

मी म्हटलं, "भावजी, दगडाला गोधडी घालताय का?"

ते दचकून खालीच बसले. मग म्हणाले, "नोझ, तू काही पाहिलं नाहीस."

"मी काय आंधळी आहे?"

मग सगळं बाहेर आलं. दगड उघडा पडून आठ दिवस झाले होते. नख आत्ता पुकारलं तर पेरणी पुन्हा गारठ्यात सापडणार. नाही पुकारलं तर लोक विचारणार, दगड उघडा असून हा गप्प का? म्हणून दगडालाच थोडं थांबवायचं, जुनी तारीख येईपर्यंत. मागच्या वर्षीही हेच केलं होतं, एकोणीस दिवस. रोज पहाटे, चौसष्टाव्या वर्षी, त्या चढणीवर.

मी आधी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते निराळं. म्हटलं, एवढे कष्ट करण्यापेक्षा चारचौघांत सांगून टाका ना, की दगडाचा भरवसा राहिला नाही.

"दगड खोटा म्हटला की मोजणी खोटी," ते म्हणाले. "मोजणी खोटी तर माझा बाप खोटा, आजा खोटा. आणि मग मी कोण? धाब्यावर चढून ओरडणारा एक म्हातारा." पुढे म्हणाले, "तुझ्या बहिणीला कळू देऊ नकोस. ती माझ्या शब्दावर पाण्यात पाय घालते."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मीही गप्प बसले. गावभर माझी ओळख अशी की नोझच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण हे मी पोटात ठेवलं. जव यंदाही झकास उगवला, आणि मला वाटलं, बरंच झालं, कोणाचं काय बिघडलं?

जूनच्या सुरुवातीला मुनिरा आली. ही राजधानीतून येणारी मुलगी, बर्फ मोजायला दर उन्हाळ्यात येते आणि ताईकडेच उतरते. चार दिवस वर राहून ती खाली उतरली त्या संध्याकाळी भावजींनी दुसऱ्या दिवसाचा गळा पुकारला होता. ताई अंगणात कढया बांधत होती. मी आत चहा देत होते, दुधाचा, मीठ-लोणी घातलेला. मुनिराचं नाक सोलून निघालं होतं. भावजींनी विचारलं, "पोरी, बर्फ कसा आहे?"

ती म्हणाली, वाईट आहे. पाच वर्षांपूर्वी तिनं जिथे रंगाची खूण केली होती तिथून हिमनदीचं तोंड चालत दहा मिनिटं मागे गेलंय. भावजींनी विचारलं, असं का? देवाला नेमकं काय झालंय? तर तिनं शांतपणे समजावलं. जगभर कोळसा जाळतात, तेल जाळतात, जंगलं तोडतात. त्या धुराबरोबर एक वायू निघतो, तो हवेत तसाच राहतो आणि जमिनीची ऊब बाहेर जाऊ देत नाही. शंभर-दीडशे वर्षांचा साठलेला आहे तो. वरून काजळी उडून बर्फावर बसते, मग काळा झालेला बर्फ ऊन जास्त खातो.

भावजी पुढे सरकले. "म्हणजे सूर्य तोच आहे?"

"सूर्य तोच, बाबा. अगदी वेळेवर येतो. अंगावरचं पांघरूण जाड झालंय."

भावजींच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो बघून मला भरून आलं. बिचारे दोन वर्षं मनात धरून बसले होते की सूर्य फिरला की आपण फिरलो.

मला मात्र संताप आला. म्हटलं, आमच्या गावात मोटारी दोन, त्यातली एक कोंबड्या बसायला. कारखाने त्यांचे, विमानं त्यांची, उन्हाळ्यात घरं थंड करणारी यंत्रं त्यांची, आणि निस्तरायचं आम्ही? मुनिरा म्हणाली, खरं आहे. मग मलाच आठवलं. देशात आपसांत लढाई पेटली त्या वर्षांत कोळसा यायचा बंद झाला तेव्हा आम्ही चुलीसाठी डोंगरावरचं झुडूपन् झुडूप मुळासकट उपटलं होतं. तो उतार अजून बोडकाच आहे. आणि ताईचा मुलगा रशियात ट्रक चालवतो, दिवसभर डिझेल जाळतो, म्हणून तर या चहाबरोबर साखर होती. कुणाला शिव्या द्याव्यात तेच कळेना, म्हणून मी भांडी जोरात आपटली.

भावजींनी मग सहज विचारावं तसं विचारलं, "आणि उद्याचा ओढा?"

मुनिरा म्हणाली, "ओढा यंदा खूप लवकर चढलाय, बाबा. तिथे लावलेल्या मापकावर दिसतंय, दोन आठवड्यांपूर्वी दुपारीही सोपा होता. आता सकाळी नऊपर्यंत ठीक. दहानंतर कोणी पाय घालू नये. रोज पहाटे बघायचं आणि ठरवायचं."

"रोज बघूनच ठरवायचं, तर मग मोजायचं काय?"

 मुनिरानं चहाची वाटी तोंडाला लावली. भावजी दाराबाहेर, ताईकडे बघत राहिले. मला लख्ख कळलं त्यांच्या मनात काय आलं ते. दगडावर बर्फ थापून पेरणी लांबवली, तेव्हा गळ्याचा दिवसही तेवढाच लांबला होता. जवाला थंडी चुकवायची होती. ओढ्याला तर ऊन चुकवायला हवं होतं. एकाच थापीनं एक वाचलं आणि दुसरं धोक्यात आलं. माझी-त्यांची नजरानजर झाली आणि त्यांनी नजर वळवली. मी मनाशी म्हटलं, आठला पोचू ओढ्यावर, कशाला उगाच वारूळ उकरायचं.

मी दर वर्षी शाळेतला स्वयंपाक संपला की आठवडाभर मागून, पहाटेच्या उतरत्या पाण्यात कुरणात जायचे. यंदा शाळा लवकर सुटली म्हणून पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर निघाले. आणि नेमकी खोनबेगीमची नवी कालवड वाटेत बसली. उठेना. ओढली, ढकलली, शेपूट पिरगाळलं, शिव्या दिल्या. शेवटी ती उठली आणि सरळ गावाकडे पळाली. ती धरून आणेपर्यंत ऊन चटचटायला लागलं. ओढ्यावर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

पाणी तपकिरी होतं. खालून धोंडे एकमेकांवर आपटत होते ते पायाला कळत होतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. खोनबेगीम म्हणाली, गळ्याचा दिवस आहे, आज नाही तर कधी, घरात काडी वैरण उरलेली नाही. ताईनं मोजे काढले, कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक दोघींच्या हातात दिलं.

मी म्हटलं, "ताई, थोडं थांबू या का?"

तिनं विचारलं, "का गं?"

आणि मी, जिचं तोंड झोपेतही बंद नसतं, ती मुकी झाले. एक शब्द बोलले असते तर भावजींची अब्रू गेली असती. नाही बोलले तर बहीण. आजही तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ताई "या अली मदद" म्हणाली आणि तिनं पाय पाण्यात घातला.

तेवढ्यात वरून हाक आली. भावजी उतारावरून धावत येत होते, डोक्यावर टोपी नाही, एक बूट कुठे तरी राहिलेला. मोजणारा ओढ्यावर आलेला आमच्यापैकी कोणी कधी पाहिला नव्हता.

"थांब, सवसान. बाहेर ये."

ताई पिंढरीभर पाण्यात वळली. ते काठावर येऊन उभे राहिले. धापा टाकत होते. म्हणाले, "आज गळा नाही. माझी मोजणी खोटी आहे. मी दगडावर बर्फ टाकत होतो. दोन वर्षं."

"काय टाकत होतास?" खोनबेगीमनं विचारलं.

"बर्फ. पाटीनं."

मागे एक पोरगी फिसकन हसली आणि आईचा धपाटा खाऊन गप्प झाली. खोनबेगीम म्हणाली, "तुझा बाप असता तर काय वाटलं असतं त्याला?"

"बाप असता तर त्यालाच विचारलं असतं काय करू म्हणून," भावजी म्हणाले. "तो नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

ताई बाहेर आली. दोर सोडला नाही. झग्याची कड पिळायला लागली, नवऱ्याकडे न बघता. मग विचारलं, "पाणी चढलंय हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. मुनिरा बोलली."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तोंड उघडेना."

मला वाटलं आता ही बरसणार. बरसायलाच हवी होती. पण ती खाली दगडावर बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मागच्या वर्षी इथे शेळी वाहून गेली, तेव्हा पाणी कुठवर होतं?"

"गुडघ्याच्या वर. शेळीचं विचारलं तेव्हा तूच सांगितलंस."

"खांद्यापर्यंत होतं."

बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या. त्या सगळ्या तेव्हा इथेच होत्या.

"त्याच्या आधीच्या वर्षी कंबरेच्या वर," ताई म्हणाली. "सहा वर्षं झाली, पाणी लवकर चढतंय. आम्ही उन्हाळाभर त्या बर्फाखाली राहतो, गुरं पाजतो, धारा काढतो. आम्हाला दिसत नाही?"

भावजींच्या तोंडचं पाणी पळालं. "दिसत होतं, तर बोलली का नाहीस?"

"मी मागे सरले असते तर लोक म्हणाले असते, घरच्या बाईचाच भरवसा नाही. तुमचा शब्द खाली पडला असता." मग तिचा आवाज फुटला. "दर वर्षी जीव मुठीत धरून जात होते मी. दर वर्षी."

भावजी तिच्यासमोर मातीतच बसले. तिचे पाय थंडीनं निळे पडले होते, ते त्यांनी आपल्या अंगरख्यात घेतले, एवढ्या बायकांदेखत. आमच्यात असं कोणी करत नाही. खोनबेगीमनंही तोंड फिरवलं आणि कालवडीला उगाच एक काठी मारली.

आम्ही परत फिरलो. दोन दिवस गावानं भावजींना मनसोक्त नावं ठेवली. गुरं उपाशी हंबरत होती, तेव्हा कोणीतरी ओरडणार आणि ते ऐकून घेणार, हे रास्तच होतं. तिसऱ्या संध्याकाळी खोनबेगीम दारात येऊन उभी राहिली. रागानंच विचारलं, "मग? कधी निघायचं?"

भावजी म्हणाले, "सवसानला विचारा."

ताई आदल्या दोन्ही पहाटे मुनिराबरोबर ओढ्यावर जाऊन आली होती. ती म्हणाली, उद्या, उजाडायच्या आत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्यावर पुन्हा सगळ्या जमलो. भावजीही आले. पाणी उतरलं होतं, पण काळं आणि जोराचं होतंच. ताईनं दोर हातात घेतला, स्वतःच्या कंबरेपर्यंत नेला आणि थांबली. मग तो नवऱ्यापुढे धरला. "आज तुम्ही."

कोणी हरकत घेतली नाही. भावजींनी बूट काढले, दोर बांधला आणि काठावर उभे राहिले. सव्वीस वर्षं त्यांनी या पाण्याचा दिवस पुकारला होता, पण तळाला कुठे खळगा आहे आणि कुठे धोंडा, हे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पाय कुठे टाकावा कळेना. त्यांनी मागे वळून बायकोकडे बघितलं.

"डावीकडचा सपाट दगड," ताई म्हणाली. "त्याच्या पुढे खोल आहे, तिथे घाई करायची नाही. मी सांगेन तेव्हाच दुसरा पाय उचला."

त्यांनी डावीकडच्या दगडावर पाय ठेवला आणि ती सांगेपर्यंत तसेच उभे राहिले.